वाचकांचे प्रश्न : सिलिका जेल गुलाबी झालं, आता काय?

पाऊस सुरू झाला की या सदराकडे डेसिकेटरचे, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याचे, प्रश्न यायला लागतात, आणि यंदा इतके आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून हे सदर पूर्ण त्यातल्या हवेतलं पाणी शोषणाऱ्या सिलिका जेललाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी आपापल्या कॉलेजबद्दल मोकळेपणाने लिहिलंय आणि त्यांना उद्या तिथेच कामाला जायचंय.

प्रश्न (रत्नागिरी, लॅब असिस्टंट) : जूनमध्ये डेसिकेटरमध्ये नवं निळं जेल भरलं, पंधरा दिवसांत गुलाबी झालं. उन्हाळ्यात हेच तीन-चार महिने टिकतं. सप्लायरने माल खराब दिलाय का?

माल खराब असेलच असं नाही, आधी हिशोब करून बघू. कोकणात जुलैमध्ये हवा २८ डिग्रीला आणि ९० टक्के आर्द्रतेला असते तेव्हा एका लिटर हवेत साधारण २५ मिलिग्रॅम पाणी असतं. तुमचा डेसिकेटर समजा दहा लिटरचा आहे, म्हणजे झाकण पूर्ण उघडून हवा बदलली की पाव ग्रॅम पाणी आत आलं. आत २०० ग्रॅम जेल आहे, आणि कोरडं निळं जेल पूर्ण गुलाबी होईपर्यंत आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतं, म्हणजे ४० ग्रॅम. भागाकार केला तर १६० वेळा उघडलं की संपलं. प्रॅक्टिकलच्या दिवसांत एक बॅच दिवसातून दहा वेळा तरी झाकण उघडते, म्हणजे पंधरा-सोळा दिवसच झाले की! उन्हाळ्यात हवेत पाणी कमी आणि कॉलेजला सुट्टी, त्यामुळे तेच जेल महिनोन् महिने टिकतं.

शिवाय मुलं धुतलेली वेइंग बॉटल (वजन करायची छोटी बाटली) नीट न पुसता आत ठेवतात. तिच्यात एक मिलिलिटर पाणी राहिलं तर ते एक ग्रॅम, म्हणजे झाकण चार वेळा उघडल्याएवढं. ओली वस्तू वाळवणं हे डेसिकेटरचं काम नाही, ओव्हनमध्ये वाळवलेली वस्तू थंड होताना सादळू नये म्हणून तो असतो, हे बॅचला पहिल्याच दिवशी सांगा, अर्धा प्रॉब्लेम तिथेच सुटेल. आणि झाकणाच्या घासलेल्या काचेवरचं ग्रीस बघा, कडेने सगळीकडे सारखा पारदर्शक पट्टा दिसला पाहिजे, कुठे पांढुरकी रेघ दिसली तर तिथून हवा आत येतेय.

प्रश्न (पुणे, फार्मसी कॉलेज) : अर्धं निळं अर्धं जांभळट झालंय. पूर्ण गुलाबी होईपर्यंत वापरू का?

नका वापरू. हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. रंग सांगतो तो आतल्या हवेच्या आर्द्रतेबद्दल. कोबाल्ट क्लोराइड लावलेलं निळं जेल आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत निळं किंवा फिकट निळं दिसतं, ३५ च्या आसपास जांभळट, आणि ५० च्या आसपास गुलाबी. म्हणजे ज्या डेसिकेटरमध्ये सगळं जेल गुलाबी आहे तिथली हवा ५० टक्के आर्द्रतेची आहे. मे महिन्यात विदर्भात दुपारी बाहेरची हवासुद्धा याहून कितीतरी कोरडी असते! असल्या डेसिकेटरमध्ये क्रुसिबल (नमुना तापवायची छोटी मूस) थंड करून चौथ्या दशांशापर्यंत वजन घ्यायचं याला काही अर्थ नाही.

गुलाबी जेल अजूनही पाणी घेऊ शकतं हे खरं, ९० टक्के आर्द्रतेत साधं पांढरं जेल वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत जातं. पण ते गोदामात किंवा पॅकिंगमध्ये कामाचं. तुम्हाला जेल किती पिऊ शकतं याच्याशी कर्तव्य नाही, हवा किती कोरडी राहते याच्याशी आहे, आणि त्यासाठी जेलने धरलेलं पाणी त्याच्या वजनाच्या ८-१० टक्क्यांवर गेलं की ओव्हनमध्ये टाकायचं. म्हणून फिकट व्हायला लागलं की बदला.

याहून पक्का मार्ग वजनाचा. कोरडं जेल भरताना डिशसकट वजन करा, डिशवर पेन्सिलने लिहून ठेवा, दर सोमवारी परत वजन करा. २०० ग्रॅम जेलमागे वजन १६ ग्रॅमनी वाढलं की बाहेर काढा. रंग उजेडावर, बघणाऱ्यावर आणि जेल किती जुनं त्यावर बदलतो, वजन तसं बदलत नाही. आणि पांढरं स्वस्त जेल घेऊन त्यात थोडेसे निळे दाणे सूचना द्यायला मिसळले तरी काम भागतं, सगळंच निळं कशाला हवं.

प्रश्न (नांदेड, प्रयोगशाळा परिचर) : ११० डिग्रीला रात्रभर ओव्हनमध्ये ठेवतो तरी मधलं जेल निळं होत नाही, वरचं होतं. सर म्हणतात टेम्परेचर २०० करा. करू का?

करू नका, दादा. टेम्परेचर वाढवण्याआधी ओव्हनच्या वरचं भोक बघा. बहुतेक हॉट एअर ओव्हनला वर किंवा मागे हवा जायला झडप असते आणि ती बहुतेक ठिकाणी बंद असते, कुणीतरी कधीतरी बंद केली ती केलीच.

आता ही झडप एवढी महत्त्वाची का ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. जेलच्या आत अतिशय बारीक छिद्रं असतात, दोन-तीन नॅनोमीटरची, आणि एका ग्रॅममध्ये त्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या आसपास भरतं. पाणी या भिंतींना चिकटून बसतं. ते किती बसणार हे मुख्यतः भोवतालच्या हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे त्यावर. १२० डिग्रीला पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब साधारण दोन वातावरणं होतो. आपल्या पावसाळ्यातली हवा, जिच्यात वाफेचा दाब फार तर वातावरणाच्या तीन-चार टक्के आहे, ती १२० डिग्रीला तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता दोन टक्क्यांवर येते, अशा हवेत जेलला पाणी सोडावंच लागतं. पण झडप बंद ठेवून दोन किलो ओलं जेल आत कोंबलं तर आत नुसती वाफ भरते, एक वातावरणाची, आणि दोनातले एक म्हणजे ५० टक्के! ओव्हनचा काटा १२० दाखवतोय आणि आत जेलसाठी चांगलीच दमट हवा आहे, मग ते वाळणार कसं? झाकण न काढता भात मोकळा व्हावा असं म्हणण्यासारखंच ते.

तर झडप पूर्ण उघडा. जेल खोल बीकरमध्ये भरू नका, पसरट पोर्सिलेन किंवा स्टीलच्या ट्रेमध्ये एक-दीड सेंटिमीटर जाडीचा थर द्या, तुमचं मधलं निळं होत नाही कारण थर जाड आहे आणि खालच्या दाण्यांची वाफ वरच्या दाण्यांतूनच बाहेर पडतेय. एकदम १२० ला टाकू नका, खूप ओलं असेल तर आधी तासभर ८० ला ठेवा, नाहीतर आतल्या वाफेने दाणे तडकतात आणि खाली भुगा जमतो. मग निळ्यासाठी ११० ते १२०, दोन-तीन तास, मध्ये एकदा काचेच्या कांडीने हलवा. निळं झालं म्हणजे झालं असं समजू नका, ट्रेचं वजन करा, परत तासभर ठेवा, परत वजन करा, आकडा सारखा आला की काढा. साधं पांढरं, रंग नसलेलं जेल असेल तर १५० पर्यंत खुशाल जा, काम लवकर होतं.

२०० का नको ते तुमच्या सरांनाही दाखवा हवं तर. निळं जेल जास्त तापलं की कोबाल्टचं संयुगच बदलतं, रंग मळकट काळपट होतो आणि मग तो परत गुलाबी-निळा होत नाही, म्हणजे सूचक मेला. पांढऱ्याचं नुकसान जरा उशिरा होतं. जेलच्या भिंतीवर जे हायड्रॉक्सिल गट असतात, ज्यांना पाणी चिकटतं, ते दोनशेच्या वर हळूहळू एकमेकांशी जुळून पाणी टाकतात आणि कमी होतात, साधारण ४०० च्या पुढे गेलं की हे नुकसान भरून येत नाही, ती सिलिका पाण्याला जवळच करत नाही. मफल फर्नेसमध्ये, म्हणजे शेकडो डिग्रीच्या भट्टीत, 'पटकन' वाळवलेलं जेल दिसायला शुभ्र असतं आणि कामाला शून्य.

बाहेर काढल्यावर काय करायचं हेही लिहितो, कारण इथेच सगळी मेहनत वाया जाते. ट्रे टेबलावर रात्रभर उघडा ठेवून थंड करायचा नाही, पावसाळ्यात सकाळपर्यंत ते परत पाणी पिऊन बसेल. हाताला सोसवेल इतपत गरम असतानाच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. अगदी गरम असताना डेसिकेटरमध्येही घालू नका, आतली गरम हवा नंतर आकसते, झाकण असं बसतं की दोघांनी ओढलं तरी सरकत नाही आणि सुटलं तर आतल्या क्रुसिबल उडतात.

प्रश्न (कोल्हापूर) : जेल किती वेळा परत वापरता येतं? आमचं पाच-सहा वर्षांपूर्वीचं आहे.

वर्षं मोजू नका, तपासून बघा. ओव्हनमध्ये पूर्ण वाळवलेलं दहा ग्रॅम जेल वॉच ग्लासवर (काचेच्या उथळ बशीत) घ्या, बरणीत तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा ज्यात न विरघळलेलं मीठ दिसत असेल, त्याच्या वर वॉच ग्लास टेकवून बरणी तीन दिवस बंद ठेवा. अशा मिठाच्या द्रावणावर २५ डिग्रीला हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, साध्या खोलीच्या तापमानाला फारसा फरक पडत नाही. चांगलं बारीक छिद्रांचं जेल तिथे तीन ग्रॅमच्या आसपास पाणी घेतं. दोनच्या खाली आलं तर ते थकलंय, डेसिकेटरमधून काढा. जेल थकतं ते पाण्याने नाही, दुसऱ्याच गोष्टींनी थकतं, हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ, अमोनिया, तेलकट वाफा, व्हॅसलीन, आणि वारंवार तडकून झालेला भुगा. पिवळं-तपकिरी पडलेलं जेल बहुतेक वेळा कुठल्यातरी सेंद्रिय वाफेने पडलेलं असतं.

याच कारणाने ज्या डेसिकेटरमध्ये ॲसिटोन किंवा ईथरने धुतलेले नमुने ठेवले जातात तिथलं जेल सरळ ओव्हनमध्ये टाकू नका. जेल पाण्यासोबत तेही धरून बसतं आणि बंद ओव्हनमध्ये सोडतं, तिथे ठिणगी मिळाली तर आग. आधी एक-दोन दिवस फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडं ठेवा.

प्रश्न (मुंबई, शाळेतल्या प्रयोगशाळेच्या मॅडम) : निळं जेल विषारी असतं म्हणतात ते खरं का? बदलून नारिंगी घ्यावं का?

सिलिका स्वतः निरुपद्रवी, प्रश्न त्यावर लावलेल्या कोबाल्ट क्लोराइडचा आहे. युरोपात ते श्वासातून गेल्यास कॅन्सर करू शकणाऱ्या पदार्थांत धरलं जातं आणि २००८ मध्ये तिथल्या अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत गेलं, शिवाय कोबाल्टने कातडीला ॲलर्जी होते. अख्खे दाणे बरणीत आहेत तोवर घाबरायचं कारण नाही. धोका भुग्याचा आहे, आणि भुगा कोण हाताळतं? ट्रे भरणारे, चाळणारे, ओव्हन पुसणारे मामा आणि मावशी, तेही उघड्या हाताने. त्यांना ग्लोव्ह्ज आणि मास्क द्या, टेबल कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायला सांगा, हे आजपासून करा, यासाठी कुठल्या सर्क्युलरची वाट बघायची गरज नाही.

शाळेत तर मी निळं ठेवणारच नाही. नारिंगी जेलमध्ये बहुतेक वेळा मिथाइल व्हायोलेट असतं, ओलं झालं की हिरवं होतं. तोही रंग काही खाण्याचा नाही आणि सेंद्रिय असल्याने तापाला निळ्यापेक्षा नाजूक, त्यामुळे बरणीवर लिहिलेलं तापमान पाळायचं आणि १२० ओलांडायचं नाही. तुमच्यासाठी सगळ्यात बरं म्हणजे साधं पांढरं जेल आणि वर सांगितलेली वजनाची पद्धत, आठवी-नववीच्या मुलांना तो आलेख काढायलाही छान आहे. जुनं निळं बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नका, बंद डब्यात नाव लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा, जवळच्या कॉलेजच्या कचऱ्यासोबत गेलं तर सोपं पडतं.

प्रश्न (ठाणे) : कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागते म्हणून पाकिटं ठेवतो. ती कढईत किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येतील का?

रंगीत असतील तर स्वयंपाकघरात आणूच नका, अजिबात. पांढरी असतील तर पाकीट फोडून दाणे जुन्या स्टीलच्या ताटलीत काढा, प्लॅस्टिकचं पाकीट वितळतं. मायक्रोवेव्हमध्ये तापणं एकसारखं नसतं, काही दाणे तडकतात, काही तसेच ओले राहतात, मला ती पद्धत आवडत नाही. उन्हाळ्यात कडक उन्हात पत्र्यावर पसरलं तर बरंच पाणी जातं, तापलेल्या पत्र्याजवळच्या हवेची सापेक्ष आर्द्रता खूप खाली येते ना. पावसाळ्यात अर्थातच नाही.

प्रश्न (जळगाव, बी. एस्सी. तिसरं वर्ष) : प्रमाण (नेमक्या तीव्रतेच्या) द्रावणासाठी सगळी रसायनं डेसिकेटरमध्येच ठेवायची ना?

सगळी नाही! पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११०-१२० ला दोन तास वाळवून सिलिका जेलवर थंड करा, बरोबर. पण ऑक्झॅलिक ॲसिड आपण वापरतो ते पाण्याच्या दोन रेणूंसकट, आणि तेच पाणी धरून आपण रेणूभार १२६ घेतो. ते कडक कोरड्या हवेत दिवसेंदिवस ठेवलं तर स्फटिकातलं पाणी सुटू लागतं, वजन तेच घेतलं तरी ॲसिड जास्त येतं आणि नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, चुकते. बोरॅक्सचं तर आणखी अवघड, त्यात पाण्याचे दहा रेणू. म्हणून प्रमाण म्हणून वापरायचं बोरॅक्स मीठ आणि साखर या दोन्हींच्या संपृक्त द्रावणावर ठेवायची जुनी पद्धत आहे, तिथली हवा दमट असते पण नेमकी हवी तेवढीच. बॅलन्सच्या काचेच्या पेटीत जेलची वाटी ठेवायची सवयही सोडा, फार कोरड्या हवेत स्थिर विद्युत साठते आणि वजन स्थिर होत नाही.

प्रश्न (औद्योगिक वसाहत, नाशिक) : इथेनॉलमधलं थोडं पाणी काढायला जेलचे दाणे टाकले तर?

जेल पाणी घेईल तसं इथेनॉलही घेईल, त्याला दोघांत फारसा भेद करता येत नाही. इथे ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह घ्या, तिच्या छिद्रातून पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा नाही. ती परत वापरायला मात्र २५०-३०० डिग्री लागतात, जेलवाल्या ओव्हनमध्ये होणार नाही.

प्रश्न (बीड, आयटीआय) : ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं जेल वरून गुलाबी होतंय. बदललं तरी परत वरूनच.

फार चांगलं निरीक्षण केलंत. ब्रीदरमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलाकडे जाणारी हवा कोरडी करणाऱ्या जेलच्या नळीत, हवा खालच्या तेलाच्या कपातून वर जाते, त्यामुळे जेल खालून गुलाबी व्हायला हवं आणि निळ्या-गुलाबीची रेघ हळूहळू वर सरकायला हवी. वरून होतंय म्हणजे हवा तेलाच्या कपातून न येता वरच्या पाइपच्या जॉइंटमधून किंवा गॅस्केटमधून आत शिरतेय. जेल कितीही बदला, गळती काढल्याशिवाय उपयोग नाही, आणि तोवर ओली हवा सरळ तेलाकडे जातेय, म्हणून हे साहेबांना लेखी कळवा.

प्रश्न (सातारा, वनस्पतिशास्त्र, एम. एस्सी.) : कास पठारावरच्या वनस्पतींची पानं डीएनएसाठी जेलमध्ये वाळवायची आहेत. सप्टेंबरमध्ये पानं काळी पडतात.

ही पद्धत १९९१ पासून जगभर रुळली आहे आणि तिचा सगळा जीव वेगात आहे, पान बारा तासांच्या आत कडक, मोडलं की तुटेल असं झालं पाहिजे. पान काळं पडतं म्हणजे ते हळू वाळलं आणि तेवढ्या वेळात पानातल्याच एन्झाइम्सनी डीएनए तोडायला घेतला. पानाच्या वजनाच्या किमान दहापट जेल घ्या, अर्धा ग्रॅम पानाला पाच ग्रॅम. मोठे दाणे नकोत, बारीक घ्या म्हणजे पानाला सगळीकडून लागतील. जाड किंवा रसाळ पान असेल तर बारीक फाडून घाला, शिरा काढा, पावसाचं पाणी आधी टिपून घ्या. पांढऱ्या जेलमध्ये थोडेसे रंगीत दाणे असू द्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा रंग गेला असेल तर त्याच दिवशी जेल बदला. आणि पठारावर नेण्याच्या आदल्या रात्री जेल ओव्हनमधून काढून लगेच छोट्या छोट्या झिप पिशव्यांत भरून ठेवा, एक मोठी बरणी नेऊन ती धुक्यात दर झाडाजवळ उघडली तर शेवटच्या पानापर्यंत पोचेतो ते जेल सादळलेलं असेल.